मास्तरांची गाडी

जुन्या मित्राचं, गिल्बर्टचं, पत्र ऑगस्टात आलं होतं आणि डिसेंबर उजाडला तरी सहदेवमास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. बहारीनहून आलेलं, दीड पानाचं पत्र. नाताळला आम्ही सगळी मरोळच्या घरी येतोय, जानेवारीत मुलीचं, क्लॅरिसचं, लग्न, आणि नवरी चर्चला जाईल ती आपल्याच फियाटमधून. शेवटी एक ओळ होती : ‘दर रविवारी चालू करतोस ना रे, मास्तर?’

मास्तर चालू करत नव्हते. तीन वर्षांत एकदाच केली होती, गिल्बर्ट गाडी त्यांच्या बिल्डिंगखाली ठेवून बहारीनला गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी. त्याने शिकवल्याप्रमाणे किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं आणि चारी मजल्यांच्या गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. “गाडी घेतलीत वाटतं, मास्तर?” पहिल्या मजल्यावरच्या मालनबाईंनी विचारलं. शाळेच्या लायब्ररीत पुस्तकांवर नंबर टाकण्यात ज्यांची नोकरी सरली, त्यांना असं काही आजवर कुणी विचारलं नव्हतं. मास्तर हसले. नाही म्हणायचं राहून गेलं. पुढच्या रविवारी कुणीतरी वर्सोव्यापर्यंत एक चक्कर मारू या म्हणालं. मास्तरांना तर गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी किल्ली कपाटात ठेवून दिली ती दिलीच. गाडी मात्र रोज सकाळी पुसली आणि दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली.

नाताळ तीन आठवड्यांवर आला तेव्हा कुठे त्यांनी नाक्यावरच्या दत्ताराम मेकॅनिकला बोलावलं.

तो रविवारी सकाळीच येऊन बॉनेटमध्ये शिरला. उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, ब्रेक धरून बसले होते, टाकीतल्या पेट्रोलला रंगासारखा वास येत होता. एकेक गोष्ट तो ओरडून सांगत होता, आणि मास्तर ती दुसऱ्याच कुणाची तक्रार असल्यासारखी मान हलवून ऐकत होते. मग त्याने हवा गेलेल्या पुढच्या टायरच्या आडून दोन लिंबं काढली. सुपारीसारखी कडक झाली होती.

“मास्तर, दसऱ्याला लिंबू चाकाखाली ठेवतात ते चिरडायला,” तो म्हणाला. “ही तर अख्खी आहेत.”

वरच्या गॅलरीत कुणीतरी हसलं.

दुपारी नवी बॅटरी बसली, वायरी बदलून झाल्या, ब्रेक सुटले, टाकीत ताजं पेट्रोल पडलं, टायर फुगले. तरी किल्लीने गाडी उठेना, तेव्हा दत्ताराम स्टिअरिंगवर बसला आणि त्याने धक्क्याला माणसं मागितली. बिल्डिंगमधले चार-पाच जण जेवणं टाकून खाली आले. मास्तरही डिकीला हात लावायला पुढे झाले, तर तिसऱ्या मजल्यावरच्या खंडूने त्यांना बाजूला केलं. “मालकाने धक्का मारायचा नसतो यार, मास्तर. तुम्ही फक्त बघा.”

गाडी कंपाउंडच्या भिंतीपर्यंत ढकलत नेली, परत आणली, पुन्हा नेली. तिसऱ्या खेपेला तिने काळा धूर सोडला आणि चालू झाली. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मालनबाई तबक घेऊन उतरल्या. त्यांनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि नारळ मास्तरांच्या हातात दिला. मालकानेच फोडायचा, असं म्हणून पायऱ्यांजवळचा दगडही दाखवला.

मास्तर नारळ धरून उभे राहिले. सगळे वाट बघत होते. फोडला असता तर एवढ्यावर निभावलं असतं. नाताळला अजून तीन आठवडे होते.

“गाडी माझी नाही,” ते म्हणाले.

इंजिनच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. “काय म्हणता?” खंडूने विचारलं. दत्तारामने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि काचेतून डोकं बाहेर काढलं. आता एवढी शांतता झाली की मास्तरांना तेच वाक्य पहिल्यापासून, मोठ्याने म्हणावं लागलं.

“गाडी माझी नाही. मरोळच्या गिल्बर्टची आहे. त्याने सांभाळायला ठेवली होती. मी सांभाळलीही नाही.”

कुणी हसलं नाही. खंडू आपल्या चपलांकडे बघत राहिला.

“ठाऊक आहे हो,” मालनबाई म्हणाल्या. “आत मेरीमाता बसवलेली दिसते ना. ती झाकायला तुम्ही माळ काचेच्या आतून बांधता. पहिल्या दसऱ्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे.”

“मग बोलला नाहीत कुणी?”

“सणाच्या दिवशी कसं बोलायचं, मास्तर?”

त्यांनी नारळ मास्तरांच्या हातातून काढून घेतला, पदराने पुसला आणि मालक आले की फोडू म्हणाल्या. एकेक करून माणसं जेवायला वर गेली. जाताना कुणी मास्तरांकडे पाहिलं नाही, आणि ते न पाहणंच त्यांना सोसेना.

वर येऊन त्यांनी ऑगस्टातच आणून ठेवलेला, परदेशी टपालाचा एरोग्राम काढला. या चार महिन्यांत मनातल्या मनात त्यांनी कितीतरी उत्तरं लिहिली होती. लांबलचक, हवापाण्याची विचारपूस करणारी. आता चारच ओळी लिहिल्या. गाडी आज चालू झाली. तीन वर्षं ती मी एकदा सोडून चालू केली नाही. लोक तिला माझी म्हणत आणि मी म्हणू देत होतो. तुम्ही या.

पत्त्यावरून दोनदा नजर फिरवली, कडा चिकटवल्या आणि ते पोस्टाच्या पेटीकडे निघाले. वाटेत फियाट शेजारी येऊन थांबली. दत्ताराम ट्रायल मारत होता.

“बसा की. पेटीपर्यंत सोडतो.”

“नको,” मास्तर म्हणाले. “त्याला विचारलेलं नाही.”

गाडी धूर सोडत पुढे गेली. पेटीशी पोचल्यावर मास्तरांनी पत्र फटीत अर्धं सरकवलं आणि तसंच धरून ठेवलं. मागे एक बाई पाकीट घेऊन उभी होती. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग विचारलं, “आजोबा, टाकताय ना?”

त्यांनी बोटं सोडली. मग फटीत हात घालून पाहिलं. पत्र हाताला लागलं नाही.