घरघर

"अजून घरघर आहेच," इनायत म्हणाला आणि त्यानं बटण बंद केलं.

बाकावर बसलेल्या मुखरूनं मान हलवली. वीस वर्षं दंडारीत, गावच्या लोकनाट्यात, गाणारा हा माणूस. त्याची तान गावाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायची. आता गळ्यातल्या गाठीनं तो आवाज कुजबुजीवर आणून ठेवला होता. सकाळीच चांद्याच्या डॉक्टरांनी गळा पाहिला आणि 'घरी न्या' म्हणून सांगितलं. आपल्या सावली गावाची वाट धरण्याआधी मुखरूनं बैलबंडी इनायतच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानासमोर थांबवायला लावली. त्याला एकदा माइकवर बोलून पाहायचं होतं.

दुकानात होतं ते आवाज मोठा करणारं पाच वॅटचं लहानसं मशीन. त्यातले शेवटचे दोन काचेचे व्हॉल्व्ह जोडीनं काम करायचे. एक थकला होता, म्हणून भोंग्यातून सारखी घरघर यायची. दुसऱ्या कुणाला ती चालून गेली असती. मुखरूचं बोलणं मात्र तिच्यात बुडून जात होतं.

इनायतनं डबा उपडा केला. पाच जुने व्हॉल्व्ह निघाले. एकेक लावायचा, तापू द्यायचा, मीटरचा काटा पाहायचा. चौथा लावला तेव्हा काटा चांगल्या व्हॉल्व्हच्याच आकड्यावर येऊन थांबला. मग त्यानं ट्रान्सफॉर्मरची तार सोडवली, भोंग्याला जुळेल त्या टोकाला डाख दिला आणि पुन्हा बटण दाबलं.

भोंगा चालू आहे की नाही, हेही कळेना, इतका शांत.

"बोला, भाऊ."

मुखरूनं माइक ओठांशी धरला. इनायतला वाटलं, आता गणाची एखादी ओळ येईल.

"पानी दे," मुखरू म्हणाला.

रस्त्याकडे तोंड केलेल्या भोंग्यातून दोन्ही शब्द स्वच्छ निघाले. पलीकडे कडुनिंबाखाली, बैल सोडलेल्या बंडीजवळ त्याची बायको रुखमाबाई बसली होती. ती दचकून उठली आणि लोटा घेऊन धावतच आली.

"सा महिने झाले," ती इनायतला म्हणाली, "यायनं हात हालवल्याबिगर मले काईच समजत नाई. रातीच्या अंधारात तं हातबी दिसत नाई." मुखरूनं कसाबसा एक घोट गिळला. तिनं पदरानं त्याची हनुवटी पुसली. "भाऊ, हे आमच्या घरी चालन का?"

"वीज आहे का गावात?"

"नाई."

"हे विजेवरच चालते, बाई."

रुखमाबाईनं एकदा मशीनकडे पाहिलं. मग लोटा तिनं बाकावर ठेवला.

"मंग त्यायले आनखी थोडं बोलू द्या. मी तिकडे जाऊन आयकत बसते."

रस्ता ओलांडून ती पुन्हा कडुनिंबाखाली गेली आणि दुकानाकडे पाठ करून बसली.