विहिणीचं पाणी

"घ्या ना, विहीणबाई. दोन घोट," दुर्गाबाई म्हणाली.

गोदाबाईने तिच्या हातातल्या पितळी लोट्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुर्गाबाई नवरीची आई. तिच्या घरची रीतच तशी. मुलाच्या आईने मुलीच्या आईच्या हातचं पाणी प्यायल्याशिवाय मुलगी उंबरा ओलांडत नाही. खरं तर गोदाबाईच्या सुखरामचं आणि कमलाचं लग्न बालाघाटच्या कचेरीत महिन्यापूर्वीच नोंदलं होतं. पण कमलाने हट्ट धरला, जाईन तर माहेरच्या दारातून. म्हणून हे सगळं.

सगळं म्हणजे काय, तर नुसती किळस! कुळदेवापुढे बोकड कापला होता. रक्त धड धुतलंसुद्धा नव्हतं, माशा घोंगावत होत्या आणि पोरं त्यातूनच अनवाणी धावत होती. नवरीचा मामा मोहाची ढोसून आला, ओसरीच्या कडेला भडभडा ओकला, धोतराच्या सोग्याला तोंड पुसलं आणि लागला की पंगतीत भात वाढायला! शी! माणसं आहेत का कोण?

दीक्षा घेतल्यापासून आठ वर्षांत तिच्या घरात दारूचा थेंब आला नव्हता, की देवाच्या नावाने सुरी चालली नव्हती. पांढरं लुगडं गुडघ्यांशी आवरून ती ओसरीवर बसली होती. पत्रावळीला तिने हातही लावला नाही.

"वैनी, पोरगी रडून राह्यली," तिचा दीर प्रेमलाल कानाशी लागला. "एवढं काय धरून बसल्या? पिऊन टाका."

"तू पी. मले शिसारी येते."

"पाण्याची?"

"हौ. यायच्या घरच्या पाण्याचीच."

दुर्गाबाईने ते ऐकलं. तिचा चेहरा पडला.

"लोटा राखेनं घासला, विहीणबाई. पाणी मीच शेंदलं आता. आमच्या हातचं काहून चालत नाही तुमाले?"

गोदाबाई रस्त्याकडे बघत बसली. वारासिवनीची मोटार यायची वेळ झाली होती. कमला उंबऱ्याच्या आत उभी होती, डोळे सुजलेले.

"पाणी पीत नाही ते विहीण कायची?" मामा मांडवातून ओरडला. "बसवा पोरीले घरात! नाही पाठवत!"

चार जण हौ हौ म्हणाले. एकाने तर दाराची कडी धरली. मग मात्र सुखराम घाबरला. आईपुढे येऊन त्याने हात जोडले.

"माय, तिले नाही सोडणार हे लोकं. माझ्यासाठी तरी."

गोदाबाईने कमलाकडे पाहिलं. पोरीचा काय गुन्हा होता? ती बिचारी जन्माला आली या घरात, एवढंच. जीव तुटला गोदाबाईचा.

"बरं," ती म्हणाली. "पाजा."

दुर्गाबाईच्या जिवात जीव आला. तिने घाईघाईने लोटा पुढे केला.

गोदाबाईने तो घेतला नाही. ती उठली, तीन पायऱ्या उतरून अंगणात गेली, सगळ्या पाहुण्यांसमोर मातीत उकिडवी बसली आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली.

"वरूनच टाका, पाटलीणबाई. माझ्या मायले तुमच्या सासूबाई इथंच बसवून पाजत होत्या."