थांबलेलं काम

बाईंनी पंखा बंद केला आणि हाताची घडी घालून बसल्या. अर्धांगाच्या झटक्याने ज्यांची वाचा गेली, त्यांना बोलतं करायची त्यांची हीच पद्धत होती. हवं ते तोंडाने मागितल्याशिवाय द्यायचं नाही.

मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळला. "पंखा... पुन्हा... सुरू करा."

"शाब्बास!" बाईंनी बटण दाबलं. "आता ते दुसरं. थांबलेलं काम..."

मास्तरांनी तोंड घट्ट मिटलं.

हे रोजचंच झालं होतं. मास्तरांची हयात कपडे शिवण्यात गेलेली. सुई, कातर, दोरा हे शब्द महिन्याभरात जिभेवर आले. नेमकं हे एक वाक्य अडून बसलं होतं, आणि बायकोला तेवढंच हवं होतं.

ती रोज यायची आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहायची. "तेवढं एक त्यांच्याकडून वदवून घ्या," म्हणायची. "साहेबांसमोर त्यांनाच बोलावं लागेल. माझं एकटीचं ऐकत नाहीत ते."

"दुकानाचं ना?"

"सगळंच अडलंय हो, बाई. वर्ष झालं. जिवाला नुसता घोर लागलाय."

बाईंना भरून यायचं. त्यांचा स्वतःचा नवरा त्यांच्या तापातसुद्धा कधी उशाशी बसला नव्हता.

एक दिवस बायको पाणी आणायला बाहेर गेली, तेव्हा बाई चिडल्याच. "मास्तर, पंख्यासाठी जीभ वळते आणि तिच्यासाठी वळत नाही? रोज हेलपाटे घालते बिचारी. जीव आहे ना तुमचा तिच्यावर?"

मास्तरांनी बाहीने डोळे पुसले. "आहे."

"मग तिच्यासाठी म्हणा."

त्यांनी फिरत्या पंख्याकडे पाहिलं. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, अगदी स्वच्छ.

पाणी घेऊन परतलेली बायको दारातच रडायला लागली. बाईंचेही डोळे भरून आले.

साहेबांकडे बाईही सोबत गेल्या, मास्तरांना धीर यावा म्हणून. खोली लहान होती आणि बाकं माणसांनी भरलेली. मास्तरांचं नाव पुकारलं गेलं. उभे राहून त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग बाईंकडे. शिकवताना डोलवायच्या तशीच बाईंनी मान डोलावली.

"थांबलेलं काम पुन्हा सुरू करा," मास्तर एका दमात म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला. "वा, आता बोलता की स्पष्ट! मग तुमच्या घटस्फोटाची सुनावणी पुढे चालवायला हरकत नाही."