रिकामे पिंजरे

डिंभे धरणाचं पाणी चढलं तेव्हा एका टेकडीचं बेट झालं, आणि पुढे सहलीच्या होड्यांतून उंदीरही तिथे पोचले. दरवर्षी ते नवरंग पक्ष्यांची अंडी फस्त करत. यंदा आमच्या पक्षीमित्र गटातल्या जागृतीने चिकाटीने पिंजरे लावले आणि बेटावर उंदीर उरला नाही. आज सगळीकडून नवरंगांची शीळ ऐकू येत होती. आनंदाच्या भरात आम्ही घोडेगावचे पेढे उंदरांच्याच वेगाने संपवले.

होडीवाल्या भरतने रिकामे पिंजरे होडीत मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं. "दारं उघडीच ऱ्हाऊ द्या ताई. पूजा झाल्यावर लगीच लावत न्हाईत."

तेवढ्यात झाडीतून पिंजऱ्याचं दार पडल्यासारखा आवाज आला. खट्. एक शीळ मध्येच तुटली.

"एखादा तिकडेच विसरलास का रे?" जागृती हसली.

"न्हाई, समदे हितंच हायेत."

पुन्हा खट्. आणखी एक शीळ थांबली. होडीतल्या दोन पिंजऱ्यांची दारं पडलेली दिसली. आत काही नव्हतं.

मग आवाज भराभर येऊ लागले. शेवटी बेटावर एकच नवरंग बोलत राहिला आणि होडीत एकच दार उघडं उरलं. जागृतीने ते दोन्ही हातांनी वर धरून ठेवलं.

"भरत," ती हळूच म्हणाली, "हे आतून कोणीतरी ओढतंय."