न्यायचं सामान

यादीत अडुसष्ट किलो जास्त होते.

जुन्या गाड्या विकणाऱ्या बॅरीने पुन्हा बेरीज केली. कॅरॅव्हान आणि सगळं सामान मिळून सोळाशे अडतीस. समोर उभी असलेली निळी पिकअप पंधराशे सत्तरपर्यंतच सुरक्षितपणे ओढू शकत होती. त्याच्या पुढे गेलं, की मोटरवेवर शेजारून एखादी लॉरी गेली तरी कॅरॅव्हान शेपटीसारखी हलायला लागते, असं तो म्हणाला. त्याच्याकडे एक मोठी पिकअपही होती. पण ती घरच्या ड्राइव्हवेवर कॅरॅव्हानपुढे मावली नसती. अनुयाने टेप लावून दोनदा मोजलं होतं.

"हे अडुसष्टचं जे काही आहे, ते घरी ठेवा," बॅरी म्हणाला. "मग निळी चालेल."

अनुयाने वही जवळ ओढली. अक्षर बाबांचं होतं. साउथहॅम्प्टनच्या बंदरात तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, जहाजावर कुठला कंटेनर कुठे ठेवायचा ते ठरवायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी ही कॅरॅव्हान घेतली आणि ती ओढायला कुठली गाडी योग्य, याचा वर्षभर अभ्यास केला. अभ्यास पूर्ण झाला. गाडी घ्यायची राहिली. फेब्रुवारीत ते गेले.

उद्या एक माणूस कॅरॅव्हान विकत घ्यायला येणार होता. आईनेच बोलावलं होतं. "आज ओढायला काही मिळालं तर ठेव," तिने अनुयाला सांगितलं होतं. "नाहीतर जाऊ दे. मला ती रोज खिडकीतून बघवत नाही."

पानाच्या वर लिहिलं होतं, 'न्यायचं सामान'. बाबा एकेक वस्तू कवेत घेऊन बाथरूममधल्या काट्यावर उभे राहायचे आणि मग आपलं वजन वजा करायचे. कुकर आणि मी, वजा मी. घडीची खुर्ची आणि मी, वजा मी. पुरणयंत्र आणि मी, वजा मी. वेल्सच्या सहलीला पुरणयंत्र कशाला, ते बाबांनाच माहीत. दोन पानं भरून ते स्वतःला वजा करत गेले होते.

फक्त शेवटच्या ओळीत वजाबाकी नव्हती. 'ही – ६८.' एवढंच.

"उचलता येणार नाही असं काहीतरी आहे," अनुया बॅरीला म्हणाली. "आणि फेमिनिन आहे."

"म्हणजे?"

"आमच्या भाषेत वस्तूसुद्धा मेल-फिमेल असतात."

"मग सोपं आहे. फिमेल कुठल्या?"

"तिथेच तर गोची आहे." अनुयाचा जन्म इथलाच. तिचं मराठी फोनवर मावशीशी बोलण्यापुरतं बरं होतं, पण चाळिशीतही ती खुर्चीला कधी तो म्हणायची, कधी ती. "बॅटरी असेल. पण बॅटरीचे बावीस किलो वर वेगळे लिहिलेत."

"टेबल?" बॅरीला आता यात रस वाटायला लागला होता.

"टेबल न्यूटर."

"न्यूटरपण असतं?" बॅरीने पेन खाली ठेवलं.

शेवटी अनुया वही घेऊन तिच्या छोट्या गाडीकडे गेली. आई आत थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. कॅरॅव्हानशी आपला संबंध नाही, हे तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. गोगलगाईसारखं घर पाठीवर घेऊन मी कुठेही येणार नाही, असं. आजही ती फक्त येताना मेथी घ्यायची म्हणून आली होती.

"आई, बाबांच्या लिस्टमधला हा ही कुठला आहे?"

"कुठली," आईने सवयीने दुरुस्त केलं. "काय ही?"

"तेच विचारतेय. अडुसष्ट किलोची ही."

आईने चष्मा लावला. ओळ वाचली. मग ती अशी हसायला लागली की अनुयाला थर्मास धरावा लागला.

"अगं, ही म्हणजे मी! मी त्यांना हे म्हणते, ते मला ही म्हणायचे. आमच्यात कोण नावाने हाक मारत होतं?"

"पण तू तर जाणारच नव्हतीस."

"नव्हतेच. दहा वेळा सांगितलं होतं ह्यांना." तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हा अडुसष्टचा आकडा कुठून आणला? मी साठच्या वर कधी सांगितलंच नाही. डॉक्टरांच्या सर्जरीतून आलेलं माझं पत्र फोडलं असणार!"

तिचं बोट मात्र ओळीवरून हललं नाही.

बॅरी मागून आला. अनुयाने त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. वजनाच्या बाबतीत तो बाबांसारखाच होता.

"चालत्या कॅरॅव्हानमध्ये माणूस बसवता येत नाही," तो म्हणाला. "कायदा आहे. त्यामुळे हे अडुसष्ट तिथून गेले. निळी घ्या, काही भीती नाही." मग त्याने पेन पुढे केलं. "ही ओळ खोडायची ना?"

अनुयाने पेन घेतलं आणि आईकडे बघितलं.

आई गाडीतून उतरली. तिने कोटाचा पट्टा आवळला. तो हल्ली अगदी आतल्या भोकात बसायचा. ती निळ्या पिकअपपर्यंत चालत गेली, दार उघडलं आणि पुढच्या सीटकडे बघत थोडा वेळ उभी राहिली.

"खोडू नकोस. इथे लिही मला," ती म्हणाली. "आणि चौसष्ट कर. अडुसष्ट हे होते तेव्हाचे."