पाणबुडीची कॅसेट

ऑस्ट्रेलियात, टूवूम्बातल्या आपल्या गॅरेजात मर्व्ह चाळीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरचे गेम नव्या पीसीत उतरवत होता. तेव्हाचे गेम साध्या गाण्यांच्या कॅसेटवर भरलेले असत; मर्व्हही घरात दिसेल त्या कोऱ्या कॅसेटवर ते भरून घेई. वाजवले की नुसती किरकिर. ते आता खेळणार कोण, हे त्याला विचारायची सोय नव्हती. बायको ग्लेनिस जाऊन आठ महिने झाले होते. तिचे फोटो खंडीभर होते, पण आवाज कुठेच नव्हता, आणि हल्ली तो मर्व्हला आठवेनासा झाला होता.

"बाबा, पाणबुडीचा गेम उतरला," मुलगी लिॲन म्हणाली. "पण गेमच्या पुढेही टेपवर काहीतरी आहे. पीसी म्हणतोय, कचरा. उडवू?"

"थांब गं बये! आधी ऐकू तरी दे."

किरकिर संपली आणि ग्लेनिस खुदकन हसली. मर्व्हने खुर्चीचा हात घट्ट धरला.

 

"…तर लिॲन, अशी ही तुझ्या आईची सगळी गोष्ट. मोठी झालीस की ऐक. आणि ही कॅसेट बाबाच्या कॉम्प्युटरजवळ ठेवू नकोस हं, त्याला ती कोरीच वाटेल."