काचेतली रेणुकाई

पिंपळगाव रेणुकाईहून चतुराबाईला भानुदासानं जालन्याला आणून महिना झाला, तरी "आई, गॅसला हात लावू नको, दार उघडू नको" एवढंच तिच्या कानी पडत होतं. कीर्तनाला जाते म्हटलं, तर म्हणे रस्ता चुकशील. शेवटी एका शनिवारी त्यानं तिला मोटारसायकलवर बसवून शहर दाखवलं आणि आपल्या बियाणे कंपनीचं थंडगार ऑफिसही.

दाराशीच काचेच्या पेटीत रेणुकाईचा पितळी मुखवटा! चतुराबाईनं झटकन चपला काढल्या आणि हात पुढं केला.

"मावशी, काचेला हात लावू नका," वॉचमन ओरडला.

"का रं? माझी रेणुकाई हाय ती! कोंडून काहून ठेवलं तिला?"

"आई, हळू बोल, लोक बघून राह्यले," भानुदास कानकोंडा झाला. "शोभेची आहे ती. साहेब किती जपतात तिला, धूळसुद्धा बसू देत नाहीत."

"जपतात?" चतुराबाई कडाडली. "कुंकू न्हाई, ओटी न्हाई, दोन शब्द बोलायला माणूस न्हाई, अन् जपतात म्हणे!"

मग काचेला कपाळ टेकवून तिनं विचारलं, "माये, तुलाबी लेकानंच आणलं का गं हितं?"